तापीकांठचे मणी : वेज आणि सूत्र

पावसाळा सरला म्हणजे तापीकांठच्या जुन्या गांवांच्या पांढरींतून मणी उघडे पडतात. वरची माती धुपते, आणि तांबड्या अकीकाचा एखादा लांबट मणि, शंखाची चकती, हिरवट कांचेचा बारीक दाणा असें कांहीं उतारावर चमकूं लागतें. गुराखी पोरें तें वेंचतात. हस्तेंपरहस्तें तें एखाद्या हौशी संग्राहकाकडे येतें. तो मणी धुतो, लिंबानें घासतो, लहानमोठे पाहून लावतो आणि नव्या रेशमांत ओवून ठेवतो. माळ दिसावयास सुरेख होते. परंतु कोणता मणि कोणत्या गांवचा, कोणाच्या शेजारीं सांपडलेला, हें सांगण्याचें साधन त्याच क्षणीं नाहींसें होतें.

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस याचें गांभीर्य वेगळें सांगावयास नको. पत्रांक न पाहतां, केवळ अक्षर सारखें दिसतें म्हणून, पांच पोथ्यांचीं सुटीं पानें एका रुमालांत बांधलीं तर जें होतें तेंच येथें होतें. फरक इतकाच कीं पोथीचें पान पुन्हा वाचून जागेवर नेतां येतें. मण्यावर अक्षर नसतें. तथापि मण्यालाही वाचण्याजोगी एक जागा आहे, आणि ती बहुधा कोणी पाहत नाहीं. ती म्हणजे त्याचें वेज. मोत्यास, मण्यास अथवा कानास पाडलेलें भोंक तें वेज; संस्कृत ‘वेध’ शब्दाचेंच हें प्राकृत रूप होय. मणि बाहेरून घासला, उजळला, झिजला, तरी आंतील वेज घडविणाऱ्यानें पाडलें तसेंच पुष्कळ अंशीं राहतें. मात्र तें वाचावयाचें तर मणि कसा घडतो व माळ कशी गुंफतात हें आधीं समजलें पाहिजे. यास्तव प्रस्तुत लेखांत ती रीत आरंभापासून देत आहों. क्षेत्र मुख्यत्वें नंदुरबार जिल्ह्याचें; बाहेरचीं उदाहरणें जरूर तेथेंच घेतलीं आहेत.

हा जिल्हा धुळें जिल्ह्यांतून १ जुलै १९९८ रोजीं वेगळा झाला. जुन्या दप्तरांत हा मुलूख खानदेश व १९०६ नंतर पश्चिम खानदेश या नांवाखालीं शोधावा लागतो. येथें मण्यांच्या अभ्यासास भक्कम आधार मिळतो तो शहादें तालुक्यांतील प्रकाशें या गांवीं. गोमाई तापीस मिळते त्या संगमावरील हें क्षेत्र भाविकांस दक्षिण काशी म्हणून ठाऊक आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनीं १९५५ सालीं येथील पांढरींत उत्खनन केलें, व त्याचा सविस्तर वृत्तांत त्या खात्याच्या ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकाच्या २०-२१ व्या जोडअंकांत प्रसिद्ध झाला. पांढरीचे चार कालखंड त्यांनीं ठरविले. पहिला ताम्रपाषाणयुगाचा, म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकांतला. त्यानंतर वस्ती उठली, कांहीं शतकें जागा ओस पडली. पुढें लोखंड वापरणारे लोक येऊन राहिले, आणि तेथून इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या सुमारापर्यंत एकावर एक थर चढत गेले. एकाच टेंकाडांत अडीच हजारांहून अधिक वर्षांचा पसारा सांठलेला आहे, हें पावसांत धुपून आलेला मणि हातीं घेणारानें पहिल्यानें ध्यानांत धरावें. थरावरून मण्याचा काळ ठरतो. नुसत्या आकारावरून मण्याचा काळ ठरत नाहीं. गोल मणि दोन हजार वर्षें गोलच राहतो.

खानदेशांत मणि घडविण्याची कला प्रकाशाच्या पहिल्या वस्तीहून फार जुनी आहे. जळगांव जिल्ह्यांत चाळीसगांव तालुक्यांतील पाटणें येथें एस. ए. साळी यांनीं १९७२-७३ सालीं केलेल्या उत्खननांत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी व त्याच कवचाचे कोरीव तुकडे निघाले. त्यांचा काळ आजपासून सुमारें २५ हजार वर्षांपूर्वींचा ठरला आहे. धातु नाहीं, भांडें नाहीं, शेती नाहीं, आणि मणि मात्र आहे! असा मणि करण्याची रीत सोपी दिसते, पण चिकाटीची आहे. कवचाचा तुकडा घ्यावयाचा, त्यास गारगोटीच्या अणकुचीदार तुकड्यानें आधीं भोंक पाडावयाचें, आणि मग कडा घासून वाटोळा करावयाचा. भोंक आधीं व आकार नंतर, हा क्रम महत्त्वाचा. पातळ वस्तु भोंक पाडतांना फुटते. ती फुटावयाची तर घासण्याचे श्रम होण्यापूर्वींच फुटावी, हें शहाणपण त्यांत आहे.

दगडी मण्याचा क्रम वेगळा आहे, आणि तो समजावयास खंबायतेकडे पाहावें लागतें. दख्खनच्या काळ्या खडकांतील पोकळ्यांत अकीकाच्या गांठी तयार होतात; खडक झिजला म्हणजे त्या सुटून नदीच्या वाळूंत येतात. तापीच्या गोट्यांतही असा दगड मिळतो, आणि प्रकाशाच्या पहिल्या रहिवाशांनीं आपलीं दगडी पातीं त्याच जातीच्या दगडाचीं केलीं. परंतु उत्तम अकीकाची खाण म्हणून जिचा लौकिक आहे ती सातपुड्याच्या पश्चिम टोंकास, राजपिपळ्याच्या डोंगरांत, रतनपूर येथें. अक्कलकुव्याचे डोंगर आणि राजपिपळ्याचे डोंगर ही एकच रांग होय. मध्यें सरहद्द आहे ती राज्यांची. रतनपूरचा दगड खंबायतेस जातो, आणि तेथें मणि घडविण्याचें हातकाम अगदीं अलीकडच्या काळापर्यंत जुन्या पद्धतीनें चालत आलें. केनोयर, विदाले व कुलदीप भान या संशोधकांनीं तें बारकाईनें नोंदून ठेविलें, हें आपणां सर्वांवर उपकारच आहेत.

दगड प्रथम उन्हांत वाळवितात, मग मातीच्या भांड्यांत घालून राखेंत व शेणीच्या मंद आंचेवर भाजतात. भाजल्यानें दोन कामें होतात. दगडांतील लोहाचा अंश पालटून पिंवळट रंगाचा तांबडा होतो. आणि दगड फोडावयास सुकर होतो. आंच एकाएकीं वाढली तर तडे जाऊन सर्व फुकट. भाजलेला दगड जमिनींत रोंवलेल्या लोखंडी मेखेच्या टोंकावर धरून, म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनें वरून हलकेंच ठोकतात. कपची खालून, मेखेच्या बाजूनें उडते. पाहणारास वाटतें हातोडी दगड फोडते. वस्तुतः फोडते ती मेख. असा ओबडधोबड मणि मग कुरुंदावर घासून आकारास आणतात, त्यास वेज पाडतात, आणि शेवटीं पुष्कळ मणी कुरुंदाच्या व अकीकाच्या भुकटीबरोबर चामड्याच्या पिशवींत भरून दिवसचे दिवस लोळवितात. तकाकी येते ती या लोळविण्यानें. पुढें पिशवीची जागा लांकडी पिंपांनीं व यंत्रांनीं घेतली.

या सर्वांत अवघड काम वेजाचें. दगड कठीण, मणि लहान, आणि भोंक आरपार सरळ जावयास पाहिजे. सुताराच्या सामत्याप्रमाणें कमानीनें फिरणारी सळई घेतात; तिच्या टोंकांत दोन हिरकण्या बसविलेल्या असतात; वर पाण्याचा थेंब थेंब पडत राहतो. एका बाजूनें निम्म्याच्या पुढें जाऊन मणि उलटवितात व दुसऱ्या बाजूनें येऊन मिळतात. हिऱ्याच्या या वेजाची खूण स्पष्ट असते: भोंक वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीचें, आणि आंत मळसूत्राप्रमाणें भासणाऱ्या बारीक समांतर वलयांच्या रेघा. आरिकामेडूसारख्या स्थळांच्या मण्यांचीं वेजें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासून, इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास हिऱ्याचें विंधणें आपल्या देशांत रूढ होतें, असें दिसून आलें आहे. त्यापूर्वींचें वेज दगडी टोंकानें पाडलेलें असतें. दगडी टोंक झिजत जातें, म्हणून भोंक तोंडाशीं रुंद व आंत निमुळतें होतें. दोन्ही बाजूंचीं भोंकें मध्यें भेटतात तेथें कंबर पडते, व वेजाचा आकार डमरूसारखा होतो. पुष्कळदां दोन्ही भोंकांची भेट नेमकी होत नाहीं आणि आंत पायरी राहते. सिंधु संस्कृतीच्या कारागिरांनीं याकरितां एक विशेष कठीण दगड शोधून काढला होता व त्याच्या सुयांनीं ते बोटाहून लांब मणी विंधीत. पण ती गोष्ट निराळ्या प्रदेशाची व निराळ्या श्रेणीची आहे.

येथें कालिदासाची आठवण होणें अपरिहार्य आहे. रघुवंशाच्या पहिल्या सर्गांत, चौथ्या श्लोकांत, पूर्वसूरींनीं दार उघडून दिलेल्या त्या वंशांत आपला प्रवेश वज्रानें विंधलेल्या मण्यांत सूत शिरावें तसा आहे, अशा अर्थाची उपमा कवीनें योजिली आहे. शाळेंत आम्ही ही उपमा वर्षानुवर्षें शिकविली, आणि कवीचा विनय म्हणून शिकविली. तो विनय आहेच. पण उपमेची धार कारागिराच्या जवळ बसल्यावांचून कळत नाहीं. येथें वज्र म्हणजे मणि विंधण्याची विशिष्ट सुई, असा अर्थ मल्लिनाथ देतो. कित्येक भाषांतरकार सरळ हिरा असा अर्थ घेतात. सामत्याची सळई पाहिली म्हणजे हा वाद उरत नाहीं: ती सुईच आहे, आणि तिच्या टोंकीं हिराच आहे. दुसरें असें कीं दगडी टोंकानें पाडलेल्या डमरूसारख्या वेजांत सूत सहज शिरत नाहीं. कंबरेशीं अडतें, पायरीवर उसवतें. हिऱ्याच्या सरळ वेजांतच तें विनासायास जातें. कवीनें मणि नुसता विंधलेला म्हटला नाहीं, वज्रानें विंधलेला म्हटला, हें विशेषण भरतीचें नव्हे.

मणिकाराचा धंदा वाङ्मयांत फार जुना आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेंत, ३० व्या अध्यायांतील व्यवसायांच्या यादींत, मणिकार कुंभाराच्या व लोहाराच्या जोडीनें येतो. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या आर. शामशास्त्र्यांच्या हातीं १९०५ सालीं आली आणि १९०९ मध्यें ग्रंथ छापून निघाला. तेव्हांपासून या विषयाचें मोठें भांडार खुलें झालें आहे. दुसऱ्या अधिकरणाच्या १३ व्या अध्यायांत सोनारकामाचे क्षेपण, गुण व क्षुद्रक असे तीन वर्ग सांगितले आहेत. क्षेपण म्हणजे कोंदणांत कांच वगैरे बसविणें, गुण म्हणजे सुताचें गुंफणें, आणि क्षुद्रक म्हणजे भरींव, पोकळ व दाण्यादाण्यांचें काम. मणि घडविणें वेगळें व माळ गुंफणें वेगळें, ही वांटणी इतकी जुनी आहे. आपल्याकडे सोनार दागिना घडवी आणि पटवेकरी तो गाठवी, ती हीच वांटणी होय.

त्याच अधिकरणाच्या ११ व्या अध्यायांत माळांचीं नांवें आहेत, आणि पोथीवाल्यांनीं त्यांतून एक धडा घ्यावा. कौटिल्याच्या यादींत १००८ पदरांचा इंद्रच्छंद, त्याच्या निम्मा विजयच्छंद, ६४ पदरांचा अर्धहार, ३२ पदरांचा गुच्छ, आणि २७ पदरांची नक्षत्रमाला. अमरकोशांत मात्र नक्षत्रमाला ही एकपदरी माळच असून तिच्यांत मोतीं २७ असतात. संख्या तीच, नांव तेंच. मोजलेली वस्तु निराळी. एकानें पदर मोजले, दुसऱ्यानें दाणे. एखाद्या बखरींत किंवा यादींत दागिन्याचें नांव सांपडलें कीं लगेच त्याचें चित्र काढावयास बसणारांनीं हें पाहावें. उलट कांहीं ठिकाणीं वस्तूच नांव उजळते. मध्यें रत्न असलेल्या सराला कौटिल्य वेगळें नांव देतो, आणि आपला तन्मणी मध्यें लोंबतो तो त्याच घाटाचा आहे.

आतां सुताविषयीं. मणि टिकतो, सूत कुजतें. म्हणून जुन्या माळेची गुंफण बहुधा कळत नाहीं. तथापि दोन अपवाद महाराष्ट्रांतच घडले. अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) जिल्ह्यांत नेवासें येथें ह. धी. सांकळिया यांच्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगांतील एका बालकाच्या दफनांत गळ्याशीं तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि मण्यांच्या आंत दोरा शिल्लक होता. तांब्याच्या गंजानें तो वांचविला. ए. एन. गुलाटी यांनीं तो तपासला, तेव्हां त्यांत रेशीम व कापूस असल्याचें दिसून आलें. पुणें जिल्ह्यांतील चांदोली येथेंही तांब्याच्या मण्यांत दोरा मिळाला. तो जवसाच्या झाडाच्या वाखाचा ठरला. तीन साडेतीन हजार वर्षांपूर्वीं दख्खनमध्यें रेशीम व जवसाचें सूत हातीं होतें, ही गोष्ट आपणांस कळली ती मण्याच्या वेजांतून. ते मणी कोणी धुवून, सुईनें भोंक साफ करून ठेविले असते तर कळली नसती.

माळ गुंफणें हें वरवर पोरखेळासारखें वाटतें. पण करून पाहणारास अडचणी लगेच भेटतात. पहिली गोष्ट, मणी रंगावरून नव्हे, वेजावरून निवडावे लागतात. ज्याचें वेज सर्वांत बारीक तो मणि दोऱ्याची जाडी ठरवितो. दोरा पिळाचा घेऊन मेणावरून ओढतात, म्हणजे तंतु उसवत नाहींत व टोंक ताठ राहून सुईची गरज पडत नाहीं. दगडी मणी जड, त्यांच्या वेजाच्या कडा धारदार. म्हणून मण्यामण्यांमध्यें गांठ देतात. गांठीनें दोन कामें होतात: मणि मण्यास घासत नाहीं, आणि दोरा तुटला तर एकच दाणा पडतो. गांठ मण्याला चिकटून बसवावयाची तर ती आवळतांना सुई गांठींतच ठेवून पुढें सरकवितात व मग काढून घेतात. कांचेच्या बारीक पोतीची जाळी करावयाची रीत याहून निराळी. तेथें एका दोऱ्याचीं दोन टोंकें दोन हातांत धरतात. प्रत्येकांत एक एक मणि घेतात, आणि तिसऱ्या मण्यांतून दोन्ही टोंकें समोरासमोरून एकमेकांस ओलांडून काढतात. अशा घरांमागून घरें जोडीत पट्टा विणला जातो. रंग मोजून घेतले कीं चौकटी, कंगोरे, फुलें आपोआप उमटतात. शेवटीं टोंकास रेशमाचा गोंडा, किंवा एका बाजूस मोठा मणि व दुसऱ्या बाजूस त्याला अडकविण्याचा फांसा.

ही कला या जिल्ह्यांत जिवंत आहे, आणि तिची दखल संशोधकांनीं फारशी घेतली नाहीं. धडगांव, मोलगी, अक्कलकुवा येथील आठवड्याच्या बाजारांत पोतीच्या लडी विकावयास असतात. होळीच्या आधींचा भोंगऱ्या बाजार व काठीची होळी या वेळीं भिल्ल व पावरा स्त्रियांच्या गळ्यांत कांचमण्यांच्या अनेकपदरी माळा दिसतात. विद्वानांचें लक्ष चांदीकडे जातें, कारण चांदीला वजन आहे. कांचेला मोल नाहीं, म्हणून इतिहासही नाहीं, असा समज दिसतो. तो आम्हांस मान्य नाहीं. एकोणिसाव्या शतकांत व्हेनिस व बोहेमिया येथील कांचमणी मुंबईच्या बंदरांतून देशभर पसरले. देशांतही आंध्रांतील पापनायडूपेट येथें नळी ओढून बारीक मणी करण्याची जुनी पद्धत टिकून राहिली, आणि उत्तरेंत पुरदिलनगर भागांत मणी वळण्याचा धंदा वाढला. डोंगरांतल्या एका माळेंत या सर्वांचे दाणे एकत्र आलेले असूं शकतात. कांचेच्या या विषयावर डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं केलेलें काम अजून मार्गदर्शक आहे. अकीकावर क्षाराचा लेप देऊन भाजून पांढरी नक्षी उठविलेल्या मण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९४९ सालीं पुण्यास प्रसिद्ध झाला, आणि भारतीय कांचेचा इतिहास १९६९ सालीं.

कांचेचा मणि ओळखण्याची रीत सोपी आहे. एक चांगलें भिंग पुरतें. मणि उजेडासमोर धरावा व आंतील बुडबुडे पाहावे. बुडबुडे व रेघा वेजाच्या दिशेनें लांबट असतील तर नळी ओढून ती तोडून केलेला. त्या वेजाभोंवतीं फिरलेल्या असतील तर सळईवर कांच गुंडाळून वळलेला. आणि बाजूस शिवण दिसली तर सांच्यांत दाबलेला, म्हणजे बहुधा अलीकडचा व कारखान्याचा.

गेल्या वर्षीं शहादें भागांतील एका सद्गृहस्थांनीं आम्हांस एक माळ दाखविली. पांढरींत मिळालेल्या मण्यांची म्हणून ती त्यांच्या घरीं जपून ठेविली होती. अकीकाचे बावीस मणी, मध्यें मध्यें कांचेचे. भिंगाखालीं अकीकांपैकीं एकोणीस मण्यांचीं वेजें सरळ, रेघांचीं. तीन मण्यांचीं डमरूसारखीं, पैकीं एकांत पायरी. कांचमण्यांपैकीं चारांस शिवण. ते तीन मणी बाकीच्यांहून जुन्या पद्धतीनें विंधलेले, येवढें निश्चित म्हणतां येतें. परंतु ते तिन्ही एके ठिकाणीं मिळाले कीं तीन गांवीं, हें मालकांसही आतां स्मरत नव्हतें. आणि माळ सोनाराकडे देऊन उजळून घेतलेली असल्यामुळें वेजाच्या तोंडाशीं पूर्वींच्या दोऱ्याची जी झीज असावयाची तीही पुसली गेली होती. आमच्या विनंतीवरून त्यांनीं ते तीन मणी वेगळे काढून ठेविले आहेत.

संग्राहकांस आमचें सांगणें थोडें आहे. संरक्षित पांढरीवरून कांहीं उचलूं नये, तें कायद्यानेंही वर्ज्य आहे. नांगराखालीं किंवा पावसानें घरच्या शेतांत आलेला मणि मात्र जसा आला तसा कागदाच्या पुडींत ठेवावा. पुडीवर गांव, शेत, दिनांक व शेजारीं सांपडलेल्या खापराचा रंग लिहावा. पाण्यानें धुवावा लागला तरी वेजांतील माती काढूं नये. आम्ल, लिंबू, तेल, पॉलिश यांपैकीं कांहीं लावूं नये. मणी मोजून, लांबी व वेजाची रुंदी लिहून, वेजाचा आकार शेजारीं रेखून ठेवावा. घराण्यांत चालत आलेली किंवा सातपुड्यांतील एखाद्या आजीची माळ पाहावयास मिळाली तर ती उसवूं नये. पदर किती, दाणे कोणत्या क्रमानें, गांठी कोठें, आणि ती गुंफणारीनें त्या त्या दाण्याला काय नांव दिलें, हें तिच्याच तोंडून लिहून घ्यावें. आणि दोरा जीर्ण होऊन माळ पुन्हा गाठवावीच लागली, तर आधीं ती पांढऱ्या कापडावर पसरून क्रम लिहावा. काढलेला जुना दोरा टाकूं नये, त्यास वेगळ्या पुडींत घालून त्या पुडीवर माळेचाच क्रमांक घालावा.